एकेरी

वॉटफर्डच्या कॉलेजात दर मंगळवारी संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग भरायचा. तिथे मी आणि सुलक्षणा कशाला जायचो म्हणाल, तर उबेला. भाषेची आवड वगैरे थापा मी मारणार नाही. एकाहत्तर सालचा हिवाळा, घरातला गॅसचा मीटर नाणी गिळायचा आणि ऊब द्यायची वेळ आली की कुरकुरायचा. कॉलेजात हीटर फुकट. शिवणाच्या वर्गात जागा उरली नव्हती, मोटारदुरुस्तीच्या वर्गात बायकांना घेत नव्हते, राहता राहिलं स्पॅनिश.

मी जेमिमा नागावकर. मूळची भायखळ्याची, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. इथे ज्यू म्हणून सांगितलं की लोक माझ्या रंगाकडे बघतात आणि इंडियन म्हणून सांगितलं की नावाकडे. मी सांगणंच सोडून दिलं. नवरा झकेरिया सहासष्ट साली गेला. मूलबाळ नाही. चॉकलेटच्या फॅक्टरीत खोकी भरायची नोकरी. दिवसभर मशिनची घरघर आणि मधूनमधून "यू ऑलराइट, लव्ह?" एवढंच काय ते माणसाचं बोलणं.

सुलक्षणा मला मार्केटात भेटली होती, झकेरिया असतानाच. भाजीच्या स्टॉलपाशी साडीवर कोट घातलेली एक बाई पुटपुटत होती, "मेला, कुजका फ्लॉवर गळ्यात मारतोय." मी मागून म्हटलं, "मग घेतेस कशाला?" ती दचकून वळली, माझ्याकडे बघत राहिली, आणि भर मार्केटात तिने माझा हात घट्ट धरला. पहिल्याच वाक्यात 'तू'. ती डॉक्टरची बायको, बी.ए. झालेली, गिरगावातली. मी वयाने आठ वर्षांनी मोठी, मॅट्रिक नापास. तरी मी तिची 'जेमे' आणि ती माझी 'सुले'. आमच्या नवसाच्या मलिद्याला खोबरं ती किसायची, तिच्या दिवाळीला चकल्या मी पाडायचे. झकेरिया गेल्यावर सगळ्या इंग्लंडात मला 'तू' म्हणणारं एकच माणूस उरलं, ते ही.

तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. ज्याला दिवसातून शंभरदा कुणीतरी "ए, ऐकलंस का" म्हणतं, त्याला नाही कळायचं ते.

तर स्पॅनिश. शिकवायला पिलारबाई होत्या, एक्वादोर देशातल्या. इंग्रज नवरा करून वॉटफर्डात येऊन पडलेल्या. एके दिवशी त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, तू आणि उस्तेद. दोन्हीचा अर्थ यू. वर्गातल्या इंग्रजांचं घोडं तिथेच अडलं. एक म्हातारा म्हणाला, "माणूस तोच, तर शब्द दोन कशाला?" सुलक्षणेने मला कोपराने ढोसलं. "अगं जेमे, हे तर आपलंच की! तू म्हणजे चक्क तू!" पुढे तर कहरच. खाणं या क्रियापदाला तू म्हणताना 'कोमे' आणि मान देताना 'कोमा'. कर आणि करा, बस आणि बसा, तस्सं. मान द्यायचा तर शेवटी आ. आम्ही दोघी इतक्या हसलो की पिलारबाईंनी आम्हाला शाळेतल्या पोरींसारखं लांब लांब बसवलं.

त्याच वर्गातून सहलीचं निघालं. पिलारबाईंच्या माहेरी कोकोची बाग होती. त्र्याहत्तरच्या जुलैत वर्गातल्या दहा-बारा जणांना घेऊन त्या जाणार होत्या. लिमा, कितो, ग्वायाकिल अशी शहरं बघायची आणि शेवटचे दिवस बागेवर. मी सात वर्षं चॉकलेटं खोक्यात भरत होते. कोको झाडाला लागतो की जमिनीत, मला पत्ता नव्हता. सुलक्षणा म्हणाली, "आपण जायचं. एका खोलीत राहायचं आणि रात्रभर बोलायचं." मी ओव्हरटाइम सुरू केला.

आणि मग तिच्या माधवला लीड्सच्या हॉस्पिटलात मोठी जागा मिळाली.

जायच्या आधी तिने पार्टी ठेवली, सगळ्या डॉक्टरांच्या बायकांना. मी सकाळपासून तिच्या स्वयंपाकघरात. बटाटेवडे मी तळले, श्रीखंड मी फेटलं. पार्टी रंगात आली तेव्हा वड्यांचं ताट घेऊन मी बाहेर आले. सुलक्षणा उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो जेमिमाताई, तुम्ही कशाला आणलंत? तुम्ही बसा ना!"

मला आधी वाटलं, थट्टा करतेय. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. कुणी परकं माणूस दारात उभं असावं तसा चेहरा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई? तुम्ही? दहा वर्षं माझ्या ताटातलं उचलून खाल्लंस, आणि आज चार शिकलेल्या बायका समोर आल्या तर मी आणलंत-बसा झाले? ताट टेबलावर ठेवलं, एप्रन सोडला, म्हटलं, "येते मी. वडे गार होतायत, घ्या." ती मागे आली नाही.

पंधरा दिवसांनी तिचा लीड्सहून फोन आला. फोनवरही तेच. "सहलीचं आम्हाला जमेलसं वाटत नाही. तुम्ही जाऊन या." मी म्हटलं, "बरं." आणि ठेवला. संपलं. आता या देशात मला एकेरीत हाक मारणारं कुणी नाही, हे गॅसवर दूध उतू जाताना बघत असताना माझ्या लक्षात आलं, आणि ते दूध मी तसंच जाऊ दिलं.

गेले मी एकटी. का नाही जाणार? ओव्हरटाइम काय तिने केला होता?

लिमाला उतरलो तर आकाश डबक्यातल्या पाण्यासारखं. वॉटफर्डहून इतक्या लांब येऊन पुन्हा वॉटफर्डचंच आभाळ! मोठाले चौक, कोरीव लाकडी सज्जे, खाली शेंगदाणे विकणाऱ्या बाया. बरोबरचे सगळे जोडीने. नवरा बायकोचा फोटो काढी, बायको नवऱ्याचा. मग एखाद्याला दया येई. "जेमिमा, शॅल वी टेक वन ऑफ यू?" माझे सगळे फोटो असे आहेत, एकटी बाई आणि मागे चर्च.

कितो शहर तर डोंगरात इतकं उंच की चार पायऱ्या चढलं की धाप. तिथली माणसं अतिशय अदबशीर. हॉटेलवाला उस्तेद, टॅक्सीवाला उस्तेद, देवळासारख्या सोन्याने मढवलेल्या चर्चमधला पाद्री उस्तेद. 'तुम्ही, तुम्ही' ऐकून कान किटले. हॉटेलच्या खोलीत पलंग दोन होते. पैसे भरताना दोघींचंच ठरलं होतं ना. दुसऱ्या पलंगावर मी माझा कोट पसरून ठेवायचे, निदान काहीतरी असावं म्हणून. एकदा त्या कोटाला म्हटलंसुद्धा, "सुले, झोपलीस का?" आणि मग माझा मलाच असा राग आला की कोट उचलून कपाटात कोंबला.

ग्वायाकिलला मात्र जीव जरा खाली पडला. गढूळ रुंद नदी, धक्क्याला लागलेल्या बोटी, दमट हवा, मासळीचा वास. माझगावच्या बंदरावर गेल्यासारखं वाटलं. नदीकाठच्या फरसबंदीवर लोक संध्याकाळी नुसतेच फिरत होते, मुलंबाळं घेऊन, मोठमोठ्याने बोलत. मी एका बाकावर बसले आणि त्यांचं बोलणं ऐकत राहिले. मधूनमधून 'तू' कानावर पडायचं. बहीण भावाला, नवरा बायकोला. दर वेळी माझी मान वळायची. वेडीच मी. मला कोण हाक मारणार तिथे?

बागेवर जायला तिथून बसने दोन-तीन तास लागले. कोकोची बाग म्हणजे ओळीत लावलेला मळा असेल असं माझ्या डोक्यात. तर ते नुसतं रान! वर केळी आणि उंच झाडांची सावली, खाली वाळक्या पानांचा जाड थर, आणि त्यात बुटकी कोकोची झाडं. आणि फळं कुठे, तर फांदीच्या टोकाला नाहीत, थेट बुंध्याला. फणसासारखी. पिवळी, पन्हळी पडलेली, हाताएवढी. मी हात लावून पाहिला आणि म्हटलं, अगं बाई, तू होय ती!

कामकरी माणसं लांब काठीच्या कोयत्याने फळं पाडत होती, बाया ती फोडून बिया ओंजळीने टोपलीत काढत होत्या. त्या बिया लाकडी पेट्यांत भरून वर केळीची पानं दाबायची आणि कुजू द्यायच्या. पेटीत हात घातला तर चटका बसेल इतकी आत गरमी आणि शिरक्याचा उग्र वास. आमच्या फॅक्टरीत सोनेरी कागदात गुंडाळतो ते मूळचं हे असं, कुजून निघालेलं. मग अंगणात पसरून उन्हात वाळवायचं. माणसं अनवाणी पायांनी त्यातून ओळीने चालत बिया खालीवर करत होती. मलाही कुणीतरी खूण केली. मी बूट काढले, स्टॉकिंग्ज काढले आणि चालले. पायाखाली ऊन ऊन बिया. बरोबरचे इंग्रज टाळ्या वाजवत फोटो काढत होते.

घराच्या पडवीत पिलारबाईंची आई बसली होती, दोन्या ओफेलिया, दोन्या म्हणजे बाईसाहेब. ऐंशीच्या पुढची, काळी शाल, हातात सुरी. समोर फोडलेली फळं. आत पांढराशुभ्र गर, सीताफळासारखा बियांना लगडलेला. ती एकेकाला पुढे बोलावून गर देत होती. पहिला आमच्यातला म्हातारा गेला. "कोमा, सेन्योर, कोमा." मग त्याची बायको. "कोमा, सेन्योरा." सगळ्यांना कोमा. मान, मान, सगळ्यांना मान.

मी पुढे गेले. म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. माझे पाय अजून अनवाणी, मळलेले. तिने माझं मनगट धरून मला खाली तिच्याशेजारी बसवलं, एक मोठी फोड माझ्या तोंडाशी आणली आणि म्हणाली, "कोमे. कोमे, तू."

माझ्या कानांनी काय ऐकलं सांगू? 'जेमे. जेमे, तू.'

मी तिथेच फुटले. तोंडात आंबटगोड गर, नाकातून पाणी, आणि भोकाड पसरून रडतेय. म्हातारी घाबरली नाही. शालीच्या टोकाने तिने माझं तोंड पुसलं. मग मी बोलायला लागले ते मराठीतच. सगळं सांगितलं तिला. फ्लॉवर, वडे, ताई, झकेरियाचं आजारपण, सगळं. ती मधूनमधून "सी, सी" म्हणत होती. आपल्याकडे एवढ्यांदा कुणी 'शी' म्हटलं असतं तर मी उठून गेले असते, पण तिचं ते हो होतं. आणि मध्ये मध्ये, "कोमे." मी खात होते आणि बोलत होते. कित्येक महिन्यांत मी सलग एवढं मराठी बोलले नव्हते.

संध्याकाळी बसमध्ये पिलारबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. ओशाळल्या होत्या. म्हणाल्या, "जेमिमा, आईचं मनावर घेऊ नका. ती जुन्या वळणाची आहे. बागेतल्या मजुरांना ती तू म्हणते. तुमचे अनवाणी पाय, तुमचा रंग... तिला वाटलं तुम्ही त्यांच्यातल्याच. मी तिला सांगितलं नंतर. तिला फार वाईट वाटलं."

मी म्हटलं, "काही हरकत नाही."

हरकत नाही कशी? बस अंधारून आलेल्या केळीच्या बागांमधून चालली होती. म्हणजे तेही 'तू' माझं नव्हतंच. कामवालीला म्हणतात ते. पण मग तिने तोंड पुसलं ते? ते तर खरं होतं ना? एकाक्षरी शब्द, आणि त्यात माया असते की हलकेपणा, हे तोंडाकडे बघून ठरवायचं. मी म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं होतं. आणि सुलक्षणेच्या? तिथे तर मी एक नजर टाकली आणि एप्रन सोडून निघूनच आले. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा, असं मी ठरवलं.

वॉटफर्डला येऊनही ते ठरवणं नोव्हेंबरपर्यंत लांबलं. शेवटी एका रविवारी नाक्यावरच्या बूथमधून लीड्सला फोन लावला. माधवने उचलला. "जेमिमाबाई! अहो या ना, नक्की या." तो मला पहिल्यापासून बाईच म्हणायचा, त्याचं काही नाही.

लीड्सचं घर मोठं, समोर बाग, आत गालिचे. दार सुलक्षणेने उघडलं. वाळली होती. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. मी मनात म्हटलं, बोल ना बये, तू आधी बोल.

"यायला त्रास नाही ना झाला?" ती म्हणाली.

घ्या! तू नाही, तुम्ही नाही. मधली पळवाट. मीही काही कमी नाही. म्हटलं, "नाही, ट्रेन वेळेवर होती."

"चहा टाकायचा ना?"

"टाकू या."

"साखर किती घालायची?"

माझ्या चहात साखर किती, हे तिने मला विचारावं! मी भिंतीकडे बघून म्हटलं, "दोन." तेवढ्यात तिची नऊ वर्षांची उल्का धावत आली. "जेमिमा आंटी, तू कधी आला?" मला क्षणभर बरं वाटलं. पण ती कार्टी बापालाही तू म्हणते आणि मांजरालाही, आला आणि आली तिला सारखंच. ते हिशेबात कसं धरणार? उल्का टीव्ही बघायला पळाली.

सुलक्षणेने पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवली. "खा."

आता हे खा म्हणजे तू खा की तुम्ही खा? आपल्या भाषेत इथे नेमकी गोची आहे. कर-करा कळतं, बस-बसा कळतं, खा मात्र दोन्हीकडे खाच. स्पॅनिश बरी म्हणायची.

मग मात्र माझा धीर सुटला. बशी बाजूला सारली. "त्या दिवशी मला ताई का म्हटलं?"

ती गॅसशी पाठमोरी उभी होती. तशीच म्हणाली, "प्रमोदिनी वहिनींनी विचारलं होतं. ताट यायच्या जरा आधी. 'ही तुझी बाई छान आहे गं, कामाला चटपटीत आहे. कुठे मिळाली?'"

मी बशी आणखी लांब सारली.

"सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला काही सुचेना. तेवढ्यात ताट घेऊन समोर... मला वाटलं, अगं-तुगं केलं तर त्यांना खरंच वाटेल की कामवाली. म्हणून मान दिला. मोठ्याने दिला, सगळ्यांना कळावं म्हणून."

"मान!" मी म्हटलं. "मान काय भाकरीशी खायचाय मला? 'ही माझी मैत्रीण आहे' एवढं म्हणायला किती वेळ लागतो?"

ती वळली. डोळे भरले होते. "नाही सुचलं. खरंच नाही सुचलं. आणि नंतर सुचलं तेव्हा लाज वाटली. फोन केला तर तोंडातून पुन्हा तेच आलं. एकदा जीभ वळली की..."

मी उठून तिला जवळ घ्यायला हवं होतं. पुस्तकातली बाई उठली असती. मी पोहे खाल्ले. ती समोर बसून चहा प्यायली. मग ती सांगू लागली, हळूहळू. इथे कुणी नाही. माधव रात्री उशिरा येतो. मुलगी इंग्लिशमध्ये उत्तर देते. दुपारी घर इतकं शांत असतं की ती रेडिओला मराठीत उत्तरं देते. मी तिला बाग सांगितली, बुंध्याला लागलेली फळं, चटका देणारी पेटी, म्हातारी. 'कोमे'चं नाही सांगितलं. आणि या सगळ्या बोलण्यात आम्ही दोघींनी एकदाही एकमेकींना ना तू म्हटलं, ना तुम्ही. "मग काय केलं?" "मग परत यायचं कधी ठरलं?" दोघी त्या शब्दाला वळसा घालून चाललो होतो, खड्ड्याला घालतात तसा. मी मनात म्हटलं, गेलं. बिनसलं ते बिनसलंच. मूळ कारण कळून काय उपयोग, जीभ थोडीच ऐकते?

स्टेशनवर ती सोडायला आली. ट्रेनच्या दाराची काच खाली ओढून मी उभी. ती प्लॅटफॉर्मवर, हात कोटाच्या खिशात. गार्डने शिट्टी दिली.

"सांभाळून जा," ती म्हणाली.

जा! पुन्हा तेच. हेही दोन्हीकडे सारखंच! इतक्या लांबून आले, पोहे खाल्ले, रडायचं तेवढं रडून झालं, आणि शेवटी पदरात काय पडलं, तर जा. ट्रेन हलली आणि माझं टाळकं सटकलं. मी दारातून अर्धी बाहेर वाकून ओरडले, "जा म्हणजे काय? तू जा की तुम्ही जा? एकदा काय ते नीट सांग!"

प्लॅटफॉर्मवरचे सगळे लोक बघायला लागले. सुलक्षणा धावायला लागली ट्रेनबरोबर, कोट उडतोय, हसतेय की रडतेय कळत नाही, आणि सगळ्या लीड्स स्टेशनला ऐकू जाईल अशी ओरडली, "आत हो आधी, मेले! पडशील! जेमे, गप बस!"

मी आत झाले. काच वर केली. माझ्या समोरच्या सीटवर एक इंग्रज बाई विणत बसली होती. तिने विचारलं, "यू ऑलराइट, लव्ह?" मी मान हलवली आणि गप बसले, अगदी लंडन येईपर्यंत. तसंही बोलायला दुसरं होतंच कोण.